उर्मीताईच्या रक्तातली इर्जिक

काटकरांच्या घरात एकाच आठवड्यात तिघांना फ्लू झाला. विषाणू एक, घर एक, पाण्याचा माठसुद्धा एक. दुखणं मात्र तिघांचं तीन तऱ्हांचं.

तात्यांना, म्हणजे ब्याऐंशी वर्षांच्या आजोबांना, दोन दिवस नाक गळलं. तिसऱ्या दिवशी ते काठी टेकत पारावर जाऊन बसले आणि राजकारणावर बोलू लागले. अकरा वर्षांची केतकी चार दिवस तापाने फणफणली, पाचव्या दिवशी तिला भूक लागली आणि तिने एका बैठकीत तीन भाकऱ्या संपवल्या. तिची थोरली बहीण उर्मी, वय वर्षं एकोणीस, तालुक्याच्या कबड्डी संघाची पहिली चढाईपटू. ती मात्र तालुक्याच्या दवाखान्यात नाकाला ऑक्सिजनची नळी लावून पडली होती.

हे अगदी उलटं व्हायला हवं होतं, नाही का? केतकीलाही ते काही केल्या समजत नव्हतं. उर्मीताई चढाईला गेली की तीन-तीन जणींना ओढत मधल्या रेषेपर्यंत यायची. धान्याचं पोतं एका दमात खांद्यावर घ्यायची. गावात तिला सगळे ‘पोलाद’ म्हणायचे. लस घेतली नाही म्हणून आजारी पडली म्हणावं, तर तेही खरं नव्हतं. शाळेच्या ओसरीत, एकाच दिवशी, एकाच खोक्यातली लस तात्यांनी, केतकीने आणि उर्मीताईने ओळीने टोचून घेतली होती. मग फ्लूने म्हाताऱ्याला सोडलं आणि पोलादालाच कसं वाकवलं?

ही गोष्ट फार पुढची नाही. तुम्ही तुमच्या आईबाबांच्या वयाचे व्हाल ना, साधारण तेव्हाची. माणदेशातलं तरसदरा गाव तोवर बरंच बदललेलं होतं. ट्रॅक्टर विजेवर चालत आणि इतके गुपचूप येत की गावची कुत्री खजील होत. शेतांवरून पाहणीची ड्रोनं फिरत. तालुक्याच्या दवाखान्यात रक्त तपासायला आणि नाडी मोजायला यंत्रमानव होता. पाऊस तेवढा बदलला नव्हता. तो अजूनही स्वतःच्या मर्जीने पडायचा, आणि माणदेशावर त्याची मर्जी पहिल्यापासून कमीच.

यंदा तो पडला तो नेमका उर्मीताई दवाखान्यात असताना. दोन दिवसांनी वाफसा आला. वाफसा म्हणजे जमीन फार ओली नाही, फार कोरडी नाही, पेरणीला अगदी जोगती. हा वाफसा कुणासाठी थांबत नाही. तो दोन-तीन दिवसांत गेला की रब्बीची ज्वारी गेली. आणि घरात पेरायला होतं कोण? आई दवाखान्यात उर्मीताईजवळ. आबा, म्हणजे केतकीचे वडील, दवाखाना ते घर अशा खेपा घालून अर्धे झालेले. काटकरांकडे स्वतःचं औत, म्हणजे बैलजोडी नाहीतर ट्रॅक्टर, नव्हतं. गावच्या सामाईक ट्रॅक्टरसाठी त्यांनी नाव घातलं होतं, पण नंबर यायला अजून सहा दिवस होते.

तेव्हा पारावर बसून तात्यांनी इर्जिकीचं बोलणं काढलं. एखाद्याची अडचण असली की गावातल्या लोकांनी आपापली औतं घेऊन त्याच्या रानात उतरायचं आणि त्याचं काम एका दिवसात उरकून द्यायचं, ही इर्जिक. मोबदला काही नाही, फक्त दुपारचं पोटभर जेवण. दुसऱ्या दिवशी सकाळी काटकरांच्या रानात अकरा औतं उभी राहिली. आठ विजेचे ट्रॅक्टर आणि तीन बैलजोड्या. सूर्य कलायच्या आत पाच एकर ज्वारी पेरून झाली. केतकीने नुकत्याच आजारातून उठलेल्या अंगाने बांधावरून सगळ्यांना पाणी दिलं. तिच्या मदतीला हौसाक्का होत्या. सत्तरीच्या या आजीबाई कुणाचीही इर्जिक असो, डोक्यावर घागर घेऊन हजर असायच्या.

दुपारी पाहणीचं ड्रोन डोक्यावरून घरघरत गेलं. संध्याकाळी आबांच्या फोनवर निरोप आला. केतकीने तो मोठ्याने वाचला, “आपल्या शेतात अकरा औतं आढळली. आपल्याकडे पुरेशी अवजारं असल्यामुळे सामाईक ट्रॅक्टरच्या यादीतून आपलं नाव कमी करण्यात येत आहे.”

आबांनी कपाळावर हात मारला. तात्यांना मात्र हसू आवरेना. हसता हसता त्यांना ठसका लागला.

“आगं, औतं मोजली त्यानं बरोबर!” ते डोळे पुसत म्हणाले. “एक कमी न्हाई, एक जास्त न्हाई. पर इचारलं का कुणाला, की ही औतं हायत कुणाची?”

केतकीही हसली. मग तिला दवाखान्यातली उर्मीताई आठवली आणि तिचं हसू मावळलं.

*

दुसऱ्या दिवशी आबा केतकीला दवाखान्यात घेऊन गेले. तिचा ताप जाऊन आठ दिवस झाले होते, तरी दारात तिला मास्क बांधायला लावला. उर्मीताई उशीला टेकून बसली होती. ऑक्सिजनची नळी सकाळीच काढली होती. पण तिचे गाल आत गेले होते आणि केतकीकडे बघून हात हलवतानाही तिला दम लागला. केतकीला रडू आलं. ते तिने मास्कमध्ये लपवलं.

खाटेशेजारी यंत्रमानव उभा होता. त्याचं सरकारी नाव भलतंच लांबलचक होतं, म्हणून लोक त्याला ‘मोजणीदार’ म्हणत. जमिनीची मोजणी करायला माणूस येतो तसा हा दर दोन तासांनी यायचा, मोजायचा आणि आकडे सांगून निघून जायचा.

“रुग्ण उर्मिला काटकर,” तो म्हणाला. “ताप नाही. ऑक्सिजन समाधानकारक. प्रतिपिंडं पुरेशी. जोखमीच्या यादीतून नाव कमी करण्यात येत आहे. उद्या घरी सोडण्याची शिफारस.”

आईने हात जोडले. आबांनी सुस्कारा सोडला. केतकीच्या मनात मात्र कुठेतरी काटा रुतल्यासारखं झालं. ‘नाव कमी करण्यात येत आहे’ हे शब्द तिने कालच ऐकले होते.

तेवढ्यात डॉक्टर मुलाणी आल्या. पन्नाशीच्या, केस विसकटलेल्या. दवाखान्यात फ्लूचे चाळीसच्या वर रुग्ण होते आणि सकाळपासून त्या खाली बसल्या नव्हत्या. केतकीने त्यांना गाठलंच.

“डॉक्टर, प्रतिपिंडं म्हंजे काय? आन् आमच्या तात्यांना काय झालं न्हाई, मग ताईलाच एवढं कसं झालं?”

आबा म्हणाले, “केतके, डॉक्टरांना कामं हायत.”

“असू दे,” डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी थर्मासमधला चहा झाकणात ओतला. “बरा प्रश्न विचारतेय. त्या निमित्ताने मला दोन मिनिटं बसायला मिळेल. तुला कबड्डी कळते ना?”

“व्हय तर!”

“मग ऐक. फ्लूचा विषाणू म्हणजे चढाईला आलेला खेळाडू समज. त्याच्या अंगावर बारीक बारीक खुंट्या असतात. त्या खुंट्यांनी तो आपल्या घशातल्या, फुप्फुसातल्या पेशींना धरतो आणि आत घुसतो. आत गेला की स्वतःच्या हजारो नकला काढतो. आता त्याला बाहेरच धरायचं, तर पकड कोण करणार? प्रतिपिंडं (शरीराने तयार केलेली प्रथिनं, जी शत्रूला नेमकी चिकटतात). ती विषाणूच्या खुंट्यांवर जाऊन बसतात. खुंट्याच धरल्या की त्याला पेशीत शिरता येत नाही.”

“घोट्याची पकड केल्यागत!”

“अगदी तशी. पण प्रत्येक चढाईवाल्याची तऱ्हा निराळी, म्हणून पकडही निराळी लागते. ती शिकून प्रतिपिंडं तयार करतात त्या आपल्या बी-पेशी (रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार). शिकायला त्यांना आठ-दहा दिवस लागतात. एकदा शिकल्या की त्यातल्या काही जन्मभर ते लक्षात ठेवतात. तुमचे तात्या सदतीस-अडतीस वर्षांचे होते ना, तेव्हा असाच एक फ्लू देशभर आला होता. यंदाचा विषाणू त्याच्याच भावकीतला. तात्यांच्या बी-पेशींनी त्याची खुंटी लांबूनच ओळखली.”

केतकीला हे ऐकून गंमत वाटली. तात्यांना सकाळी कुठे ठेवला तो चष्मा आठवत नाही, पण त्यांच्या रक्ताला पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा फ्लू आठवतो!

“आन् मला?”

“तुला लस दिली होती. लस म्हणजे सरावाचा सामना. विषाणूच्या नुसत्या खुंट्या दाखवायच्या, खरा विषाणू नाही. त्यामुळे तुझ्या बी-पेशींची तयारी आधीच झालेली होती. ताप आला, पण चार दिवसांत आटोपला.”

“ताईनंबी तीच लस घेतली हुती. माझ्या फुडं उभी हुती ती.”

डॉक्टर मुलाणींनी उर्मीकडे पाहिलं. “हो. आणि तिच्या रक्तात प्रतिपिंडं पुरेशी आहेत, असं मोजणीदार म्हणतोय. म्हणजे कारण दुसरं काहीतरी असणार. काही वेळा नीटसं कारण सापडतच नाही, बाळ. धडधाकट माणसालाही फ्लू कधीकधी फार जड जातो.”

त्यांनी चहाचा घोट घेतला. केतकी उर्मीताईच्या दंडाकडे बघत होती. दंडावर चिकटपट्टी होती. पुरेशी. पुरेशी अवजारं. अकरा औतं. तिच्या डोक्यात काहीतरी हळूहळू जागेवर येत होतं.

“आई,” तिने विचारलं, “ताईला गाडीत आणताना काय दिलं हुतं गं? तू फोनवर सांगत हुतीस.”

“दोन बाटल्या चढवल्या की. ताप लई चढला हुता, ओठ काळं-निळं पडलं हुतं. गाडीतला डॉक्टर म्हणला, हे लई लोकांच्या रक्तापासनं केलेलं औषध हाय. यानं दम धरंल.”

“त्या बाटल्यांत काय हुतं, डॉक्टर?”

“प्रतिपिंडं,” डॉक्टर म्हणाल्या. “हजारो लोकांनी दिलेल्या रक्तद्रवातून (रक्तातला तांबड्या-पांढऱ्या पेशींशिवायचा पातळ पिवळसर भाग) वेगळी काढलेली...”



“मग,” केतकी भीत भीत म्हणाली, “मोजणीदारानं मोजली ती औतं ताईची हायत, का इर्जिकीची?”

डॉक्टरांना औतांचं आधी काहीच कळलं नाही. केतकीने मग घाईघाईने सगळं सांगितलं. वाफसा, अकरा औतं, ड्रोन, त्याचा निरोप. सांगता सांगता तिचे शब्द एकमेकांवर पडत होते. डॉक्टर मुलाणींनी चहाचं झाकण खाली ठेवलं आणि त्या यंत्रमानवाकडे वळल्या.

“मोजणीदार, रुग्णाला प्रतिपिंडांच्या बाटल्या दिल्याची नोंद आहे?”

“आहे. पाच दिवसांपूर्वी, रुग्णवाहिकेत, दोन.”

“मग प्रतिपिंडं पुरेशी आहेत असं तू कसं सांगितलंस?”

“मोजली. पुरेशी आहेत,” मोजणीदार म्हणाला. “ती कुणाची आहेत, हा प्रश्न माझ्या तक्त्यात नाही.”

“माझ्याही नजरेतून सुटलं हे,” डॉक्टर हळूच म्हणाल्या. मोठ्या माणसांना स्वतःची चूक अशी चारचौघांत कबूल करताना केतकीने फारसं पाहिलं नव्हतं. तिला त्या एकदम आवडल्या.

“पर आता कसं कळणार?” आबांनी विचारलं. “रक्तात सगळं एकात एक मिसळलं की.”

“रानात औतं उभी असताना कसं ओळखशील, केतकी?” डॉक्टरांनी उलट तिलाच विचारलं.

केतकीने विचार केला. “इर्जिकीला लोक औत आणत्यात. पर कुणी तण काढायचा आपला जुना घरचा कोळपा आणत न्हाई, न्हायतर खुरपी आणत न्हाई. घरात जाऊन बघायचं. कोळपं-खुरपीबी नसंल, तर त्या घरात काहीच न्हाई.”

डॉक्टर मुलाणी उभ्याच राहिल्या. “शाब्बास! हे बघ, प्रतिपिंडांचे प्रकार असतात. बाटलीत भरतात ती जवळजवळ सगळी एकाच प्रकारची, आयजीजी नावाची. ती टिकाऊ असतात. पण शत्रू दिसल्याबरोबर शरीर सगळ्यात आधी जी बनवतं ती आयजीएम. आणि नाकाघशाच्या ओल्या अस्तरावर पहाऱ्याला असतात ती आयजीए. ही दोन्ही बाटलीत नसल्यासारखीच. ती रक्तात सापडली, तर उर्मीच्या घरची. मोजणीदार, फक्त ही दोन मोज.”

वीस मिनिटं लागली. आईने पदराचं टोक पिळून पिळून त्याची वात केली. उर्मीताई डोळे मिटून होती, पण ती झोपली नव्हती.

“आयजीएम, जवळजवळ शून्य,” मोजणीदार म्हणाला. “आयजीए, जवळजवळ शून्य. पुन्हा मोजलं. तेच आलं.”

*

कोडं सुटलं होतं, पण ते सुटल्याचा आनंद कुणालाच झाला नाही.

डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. उर्मीताईच्या रक्तात बी-पेशी आहेत, पण त्या शेवटची पायरी चढत नसाव्यात. सराव होतो, शिट्टी वाजते आणि पकड करायला मैदानात कुणी उतरतच नाही. याला प्रतिपिंडांची उणीव म्हणतात. शरीर कसं चालवायचं याच्या सूचना पेशीत लिहिलेल्या असतात, त्यांना जनुकं म्हणतात. त्यातल्या एखाद्या सूचनेत जन्मापासून चूक राहिली असेल. नक्की काय ते आणखी तपासण्यांनंतर कळेल. म्हणूनच तिला लस लागू पडली नाही.

“पर मग ती आजवर जगली कशी?” आईने विचारलं.

“संरक्षण एकट्या प्रतिपिंडांवर नसतं. टी-पेशी म्हणून दुसरी फौज असते. विषाणू ज्या पेशीत घुसलाय ती पेशीच त्या नष्ट करतात. ती फौज उर्मीची चांगली आहे. तिनेच फ्लूला रेटलं. पण फ्लूने फुप्फुसाचं अस्तर सोलून निघालं, आणि उघड्या दारातून मागाहून जिवाणू शिरले. त्यांना धरायला प्रतिपिंडंच लागतात. तिला न्यूमोनिया (फुप्फुसाला सूज येऊन त्यात पाणी साचणं) झाला तो त्यामुळे. आधी कधी झाला होता का?”

“दोन येळा,” आई म्हणाली. “आन् कान तर ल्हानपणापासनं वाहतोय. धुळीनं वाहतोय म्हणलं.”

“थंडीत दर साली महिना महिना खोकला असतो,” उर्मीताई पहिल्यांदाच बोलली. “मी सांगत न्हवते. संघातनं काढतील म्हणून.”

पोलादाला गंज चढलाय असं कुणी म्हणू नये, म्हणून ती खोकला गिळत होती. आणि ती पोलाद आहे म्हणून कुणी विचारतही नव्हतं. दंडाच्या ताकदीवरून रक्तातली ताकद ताडायची, ही तरसदऱ्याची जुनी खोड.

“आन् उद्या तिला तसंच घरी धाडलं असतं तर?” आबांनी विचारलं.

“बाटलीतली प्रतिपिंडं तीनेक आठवड्यांत निम्मी होतात, पुढच्या तीन आठवड्यांत त्यांच्याही निम्मी. दोन-तीन महिन्यांत रान पुन्हा उघडं पडलं असतं. आणि फ्लूची साथ अजून गेलेली नाही.” डॉक्टरांनी उर्मीच्या कागदावर पुढची तारीख लिहिली. “आता तिला दर महिन्याला बाटली द्यायची. ती खेळेल, शिकेल, सगळं करील. फक्त महिन्यातून एक दिवस इथे यायचं.”

“जन्मभर?” उर्मीताईने विचारलं.

“सध्या तरी हो.”

उर्मीताईने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. मग केतकीला म्हणाली, “म्हंजे जन्मभर दुसऱ्याच्या औतावर शेती. इर्जिक घेतली की फेडायची असती, केतके. मी कुणाच्या रानात जाऊ? माझ्याकडं औतच न्हाई.”

आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. रक्तातलं कोडं सोडवणं सोपं होतं, हे त्याहून अवघड होतं.

*

घरी आल्यावर तिने ते कोडं तात्यांपुढे ठेवलं. तात्या सुपारी कातरत होते.

“हौसाक्काकडं औत हाय का?” त्यांनी विचारलं.

केतकी दचकली. “न्हाई.”

“तिचा नवरा गेला त्याला तीस वर्सं झाली. बैल गेलं, औत गेलं. तीस वर्सं गाव तिच्या रानात इर्जिक घालतंय. फेडलीस का म्हणून इचारलंय कुणी?”

“त्या सगळ्यांच्या इर्जिकीला पाणी घेऊन येत्यात.”

“त्ये तिला यावंसं वाटतं म्हणून. न्हाई आली तरी इर्जिक पडलीच असती. आगं येडे, ज्याच्याकडं औत हाय त्याला कशाला लागतीया इर्जिक? ज्याच्याकडं न्हाई त्याच्यासाठीच तर ती काढली आपल्या वाडवडलांनी.”

केतकीने हे जसंच्या तसं फोनवर उर्मीताईला सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. “तात्यांना म्हणावं,” उर्मीताई म्हणाली, “सुपारी कमी खावा.” तेव्हा केतकीला कळलं, की ताई आता सावरेल.

तात्या मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी केतकीकडून डॉक्टर मुलाणींना फोन लावून घेतला आणि विचारलं, की त्या बाटल्यांसाठी आमच्या गावाचं रक्त चालंल का? डॉक्टर म्हणाल्या, चालेल काय, हवंच आहे! फ्लूचा विषाणू दर वर्षी आपल्या खुंट्या थोड्या थोड्या बदलतो. बाटल्या तयार व्हायला मात्र कित्येक महिने लागतात, म्हणून त्यांतली प्रतिपिंडं बहुधा गेल्या सालच्या फ्लूला ओळखणारी असतात. तरसदऱ्याने यंदाचा फ्लू नुकताच अंगावर घेतला होता. गावातल्या बऱ्या झालेल्या लोकांच्या रक्तात यंदाची, ताजी पकड तयार होती.

महिनाभराने, सगळे ठणठणीत झाल्यावर, रक्तद्रव घेणारी गाडी पारापाशी येऊन उभी राहिली. रक्त काढायचं, त्यातला पिवळा रस वेगळा करायचा आणि तांबड्या पेशी ज्याच्या त्याला परत द्यायच्या. त्यामुळे अशक्तपणा फारसा येत नाही, हे केतकी दहा जणांना तरी समजावून सांगत होती. एकूण चौपन्न माणसं आली. ज्यांनी औतं आणली होती ती सगळी होतीच. गावात बाकीच्यांनी लसही टोचून घेतली. प्रत्येक लस घेतलेला माणूस म्हणजे उर्मीताईच्या कुंपणाला आणखी एक काटा, असं केतकीने पारावरच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवलं होतं.

गाडीबरोबर मोजणीदारही आला होता. रांगेत सगळ्यात पुढे हौसाक्का.

“आपलं वय सत्तर. मर्यादा पासष्ट,” मोजणीदार म्हणाला. “क्षमस्व.”

“मेल्या, तुझं वय किती?” हौसाक्का कडाडल्या. “तीस वर्सं माझ्या रानात औतं आली. आज माझ्याकडं द्यायजोगं कायतरी हाय, तर न्हाई म्हणतोस?”

त्यांच्या मागे केतकी होती.

“आपलं वय अकरा. मर्यादा अठरा. सात वर्षांनी यावं.”

मग एक म्हातारी आणि एक पोर, दोघींनी मिळून चौपन्न माणसांना पाणी दिलं आणि जेवायला वाढलं. सात वर्षांनी येणाऱ्या वाढदिवसाची तारीख केतकीने भिंतीवर कोळशाने लिहून ठेवली. आईने ती पुसली नाही.

जेवणाच्या पंगतीत केतकीने मोजणीदाराच्या छातीवरच्या पडद्यावर सहज नजर टाकली. तपासणीच्या तक्त्यात एक नवा प्रश्न आला होता. डॉक्टर मुलाणींनी तो लिहिला होता आणि आता राज्यातले सगळे मोजणीदार आकडा सांगण्याआधी तो विचारत होते. ‘मोजलेली प्रतिपिंडं रुग्णाची स्वतःची की इर्जिकीची?’

“इर्जिक म्हणजे काय, हे मला शहरातले डॉक्टर रोज विचारतात,” मोजणीदार म्हणाला. “मी त्यांना अकरा औतांची गोष्ट सांगतो.”

पाहणीच्या ड्रोनला मात्र अजून कुणी काही शिकवलेलं नाही. आबा अर्ज करून थकले.

उर्मीताई दर महिन्याला एक दिवस दवाखान्यात जाते. हाताला नळी लावून अभ्यासाचं पुस्तक वाचत बसते. डॉक्टर मुलाणी सांगतात, की जनुकातली चुकलेली सूचना दुरुस्त करायचं काम प्रयोगशाळेत चाललंय. काही मोजक्या आजारांत ते जमलंही आहे, उर्मीच्या आजारात अजून नाही. केतकीने त्या चिकाटीच्या कामाबद्दल मिळेल ते वाचायला घेतलंय. निम्मं कळतं, निम्मं कळत नाही, पण ती वाचते.

पुढच्या हिवाळ्यात तालुक्याच्या मैदानावर अंतिम सामना झाला. उर्मीताई खोकत नव्हती. शेवटची चढाई तिची होती आणि समोर सातच्या सात जणी उभ्या होत्या. ती मधल्या रेषेवर वाकली, तिने माती कपाळाला लावली आणि दम धरला. त्या महिन्याच्या बाटलीवर लिहिलेलं केतकीने वाचलं होतं, ‘रक्तद्रवाचे दाते, चार हजार दोनशे सहा.’

चढाईला खेळाडू एकटाच जातो, असं कबड्डीच्या नियमात लिहिलंय. रेषेबाहेर घसा फोडून ओरडणाऱ्या केतकीला काही ते पटत नव्हतं.